नावेतला तांब्याचा पैसा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला अंगण दाखवायला लावलंत. मी फोन हळूहळू फिरवला. तुळस, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची दोरी, आणि त्यापलीकडे नुसती जमीन. धाकटीने लगेच विचारलं, आजोबांची नाव कुठे गेली? मी म्हटलं, लिहून कळवते. तुमच्या बाबांचा समज आहे की ती मी विकली. विकलेली नाही. पण कुठे आहे आणि का, हे फोनवर सांगायला बसले असते तर निम्म्यातच थांबावं लागलं असतं. लिहिताना थांबलं तरी कोणाला कळत नाही.

आपलं गाव तापीच्या उत्तर काठावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझं माहेर बरोबर समोर, दक्षिण काठावर. गच्चीवरून तिथल्या मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो. तुम्ही आला होतात तेव्हा थोरल्याने विचारलं होतं, मग आपण तिथे चालत का जात नाही? माझ्या लग्नाच्या काळात लोक उन्हाळ्यात चालतच जायचे. नदी आटून एका कडेला सरकायची, बाकी सगळी वाळू, आणि वाळूत डांगरांच्या वाड्या. डांगर म्हणजे खरबूज. इतर दिवसांत लाकडी नाव चालायची. पुढे खालच्या अंगाला बॅरेज बांधलं, उन्हाळ्यातही पाणी तुंबून राहायला लागलं, वाळू आणि वाड्या पाण्याखाली गेल्या. पूल झाला, एसटी सुरू झाली, तेव्हा ती नावही बंद पडली. आता माहेरी जायचं तर आधी शहाद्याला जायचं, स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघायची, मग पुलावरून वळसा. डोळ्यांसमोरच्या कळसापर्यंत पोचायला अर्धा दिवस जातो.

आणि आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आपल्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि ती दिवाळीपेक्षा मोठी असते. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात: नवी मातीची घागर, तिच्यात पाणी, तोंडावर डांगर. मुलीला आणायला माहेरून जो माणूस येतो तो मुऱ्हाळी. माझा मुऱ्हाळी माझा धाकटा भाऊ. मी पन्नाशीची झाले, शाळेत इंग्रजीची बाई म्हणून मुलं मला घाबरायला लागली, तरी तो दर वर्षी आखाजीला दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आक्का, चाल." तो गेल्यावर मी जाणं सोडलं. बोलावणं यायचं, भावजय फोन करायची, पण न्यायला कोणी आलं नाही तर आपण होऊन कसं जायचं, असं माझं होतं. इतकी शिकलेली असून माझं ते होतं.

तुमचे आजोबा विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांच्या हृदयाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी शेतातली कामं बंद केली, जिने कमी करायला सांगितले. ते ओट्यावर खुर्ची टाकून नदीकडे बघत बसायला लागले. एक दिवस दुपारच्या चहाला ते मला म्हणाले की एक लहान नाव घ्यायची आहे, ॲल्युमिनियमची. मी विचारलं, कशाला? मासे धरायला, म्हणाले. आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी तसं म्हटलं. मग ते म्हणाले, "तुन्हा भाऊ नही आते. मी मुऱ्हाळी व्हस. आखाजीले तुले नावमा बसाडीसन लई जासू."

मी म्हटलं, नवरा कधी मुऱ्हाळी होतो का? लोक हसतील. आणि मी नावेत बसणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

ते त्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना मी घाटावरच नावेतून पाय घसरून पडले होते. पाणी फार नव्हतं. काकांनी केस धरून वर ओढलं आणि दोन थपडा दिल्या, गोष्ट तेवढीच. पण तेव्हापासून पाण्यावरचं हलणारं काहीही मला नको वाटायचं. लग्न झाल्यावर वाळू उघडी पडेपर्यंत मी माहेरी जात नसे.

तरी नाव घ्यायचं ठरलं, कारण ओट्यावरची ती खुर्ची मलाही बघवत नव्हती. मी माझ्या सवयीप्रमाणे वहीत रकाने आखले. लाकडी नावेला दर वर्षी डांबर लावायला लागतं, आणि उन्हात ठेवली की फळ्या उलतात. लोखंडी पत्र्याची जड, ती दोन म्हाताऱ्यांना ओढता येणार नाही. फायबरची खडकावर घासली की चिरते. ॲल्युमिनियमची हलकी, न गंजणारी. इथवर आमचं एकमत होतं. पुढे लांबीवरून वाद झाला. मी म्हणत होते दहा फूट पुरे, एकट्या माणसाला. ते म्हणत होते बारा. तळ कसा हवा यावर मात्र त्यांनी मला बोलूच दिलं नाही. टोकदार तळाची नाव पाणी छान कापते, पण माणूस हलला की ती डुलते. सपाट तळाची चालायला मंद, पण ठाम. त्यांना सपाटच हवी होती.

नाव बनवणारा कारागीर गुजरातेत होता. आजोबा मला सोबत घेऊन गेले. शाळेतला व्हर्निअर कॅलिपर त्यांनी मागून आणला होता, त्याने पत्र्याची जाडी तीन ठिकाणी मोजली. रिव्हेट मारलेल्या नावा बाजूला काढल्या, कारण सांधे पुढे ढिले होतात, वेल्डिंगची बघितली. मग तिथल्या हौदात ती सोडायला लावली, कारागिराला आत बसवलं आणि एका बाजूला झुकायला सांगितलं. अजून झुका. अजून. तो बिचारा हसत हसत कडेवर जवळजवळ आडवा झाला. पाणी आत आलं नाही. आजोबांनी वळून माझ्याकडे बघितलं.

आपल्या भागातली केळी घेऊन ट्रक तिकडे जातात. असाच एक ट्रक रिकामा परत येत होता, त्यात नाव आली. कित्येक दिवस तिला केळीच्या पानांचा वास येत होता. नावाडी बघायला आला. नावाडी म्हणजे तुम्हाला आठवत असेल, डोक्याला लाल गमछा बांधणारे ते आजोबांचे मित्र. चौथीपर्यंत दोघे एका बाकावर होते. मग हा वडिलांच्या नावेवर गेला आणि पूल होईपर्यंत लोकांना पार करत राहिला. त्याने नावेभोवती एक चक्कर मारली, बोटाने ठोकून बघितलं आणि विचारलं, "मास्तर, येवढं मोठं पातेलं कोनाले लागस?"

पातेल्याचं काम मग दिवाळीपर्यंत चाललं. सुताराकडून सागाची वल्ही करून घेतली. बसायला दोन आडव्या फळ्या, आणि तळात पाय ठेवायला पट्ट्यांची फळी, म्हणजे साचलेलं पाणी खाली राहील आणि पाय कोरडे राहतील. नांगर म्हणून आमच्या जुन्या जात्याची वरची तळी. तिला मधे भोक असतंच, दोर ओवायला सोयीचं. पाणी उपसायला तेलाचा डबा तिरपा कापून घेतला. बुडू नये म्हणून घालायची नारिंगी जॅकेटं दोन. फळ्या बसवताना आजोबांनी लोखंडी स्क्रू बदलून स्टीलचे घेतले आणि प्रत्येकाखाली रबरी चकती घातली. त्या चकत्या सायकलच्या जुन्या ट्यूबमधून मीच कापल्या, कात्रीने, साठ-सत्तर तरी असतील. त्यांनी मला कारण सांगितलं होतं. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले तर त्यातला एक झिजत जातो. त्यात ॲल्युमिनियम फार लवकर झिजतं. हा धडा ते दर वर्षी माझ्या शेजारच्या वर्गात शिकवायचे, भिंतीपलीकडून मला तो पाठ झाला होता.

आता माझी गोष्ट. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या आईने मला भोकाचे दोन तांब्याचे पैसे दिले होते. नदी ओलांडताना तापीमायला पैसा द्यायचा असतो. एक जाताना टाक, म्हणाली, आणि दुसरा येताना. पहिला मी सासरी येताना नावेतून टाकला, डोळे मिटून. पुढे माहेरी गेले ती वाळूतून चालत, नंतर पुलावरून एसटीत. दुसरा राहून गेला. माझ्या कुंकवाच्या डबीत तो चाळीस वर्षांवर पडून होता. आजोबांनी तो शंभर वेळा बघितला असेल.

नावेची पूजा झाली त्या दिवशी सकाळी, कोणी नसताना, मी पुढच्या बाजूची पायाखालची फळी उचलली आणि तो पैसा हळद-कुंकू लावून तळावर ठेवला. घर बांधताना पायाभरणीत तांब्याचा पैसा घालतात, लाकडी नावेतही सुतार एक ठेवायचा, हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्यांच्या हृदयाचा भरवसा नव्हता, आणि ते पाण्यावर जाणार होते. दुसरं काय करणार होते मी? आजोबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि शाळेत दुसऱ्या बायकांच्या असल्या गोष्टींवर मीच हसायची. त्या घाईत धड्याची आठवण एकदाही झाली नाही.

पहिल्या वर्षी ते रोज सकाळी नावाड्याबरोबर जायचे. वल्ही बहुतेक नावाडीच मारायचा, हे गळ टाकून बसायचे. मिळालेले मासे घाटावरूनच नावाड्याच्या घरी जायचे. नावाडी गावभर सांगायचा, "मास्तर धरस, आम्ही खातस." आजोबांचा चेहरा उन्हाने रापला, भूक वाढली. आखाजी जवळ आली तशी त्यांनी विचारलं. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, फक्त म्हणाले, पुढल्या वर्षी.

त्या हिवाळ्यात त्यांना नंदुरबारला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ते तुमच्या बाबांना आम्ही नंतर सांगितलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं त्यात आकडे होते, ते मी विसरले. एवढं कळलं की पुढल्या वर्षाच्या भरवशावर काही ठेवायचं नाही. परतताना गाडीत मी त्यांना म्हटलं, आखाजीला मी बसेन. ते खिडकीबाहेर बघत होते. वळून म्हणाले, "पक्कं?" मी म्हटलं, पक्कं.

मग दोन महिने मी तयारी केली. तुम्हाला माझ्या याद्या माहीत आहेत. भावजयीला साडी, तिच्या सुनेला ब्लाउजपीस, डबाभर सांजोऱ्या. माझ्या बसायच्या फळीसाठी रेक्झिनची गादी शिवली. ते नारिंगी जॅकेट लुगड्यावर घालून आरशासमोर उभी राहिले, तर मलाच हसू आलं. भावजयीशी रोज बोलणं व्हायचं. ती म्हणाली की सकाळपासून ती काठावर येऊन उभी राहील, पूर्वी आई उभी राहायची तशी.

आखाजीच्या दिवशी आजोबा आणि नावाडी पहाटेच नाव तयार करायला घाटावर गेले. मी पुरण घातलं, पूर्वजांची घागर भरली, नवं लुगडं नेसून डबा पिशवीत ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले. मनात म्हणत होते, काहीतरी होऊ दे आणि आज राहू दे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

उन्हं वर आली तेव्हा आजोबा आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले, माझ्याकडे न बघता चपला काढत म्हणाले, "आज वारा शे. आज ऱ्हाऊ दे."

अंगणातल्या दोरीवर माझं धुतलेलं लुगडं वाळत होतं. ते सरळ खाली लोंबत होतं. त्याचा काठही हलत नव्हता. मी ते बघितलं. बघूनही म्हटलं, बरं, राहू दे. मला वाटलं होतं की त्यांना दम लागला असेल आणि ते सांगायचं नसेल. पण खरं सांगायचं तर मी सुटले होते, म्हणून विचारलं नाही.

भावजयीला फोन केला. ती काठावरच होती. वारा आहे म्हणून येत नाही, असं तिला सांगितलं. "आठे ते पान बी हालत नही, आक्का," म्हणाली. मी म्हटलं, नदीच्या मध्यावर हवा वेगळी असते. जिने लग्नानंतर कधी नावेत पाय ठेवला नव्हता तिने हे सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस आजोबा नावेवर गेले नाहीत. नाव घाटावरच्या निंबाखाली उलटी पाडली होती आणि ते नावाड्याला घेऊन तिथे काहीतरी ठोकत बसायचे. वैशाखाचं ऊन. शहाद्यातल्या वेल्डरला विचारून आले, मग पत्रा आणला, रिव्हेट आणले. मी ताक पाठवायची, औषधाची वेळ झाली की निरोप पाठवायची. सातव्या दिवशी स्वतः गेले तर ते नावेला टेकून बसले होते, ओठ निळसर, श्वास पुरत नव्हता. नावाडी गमछ्याने वारा घालत होता. मी फार बोलले. नावाड्यासमोर बोलले. म्हटलं, ही नाव तुमचा जीव घेणार आहे, कोणत्या मुहूर्तावर घरात आणलीत कोण जाणे.

आजोबांनी हात उचलून मला थांबवलं. म्हणाले, "तिना काई दोस नही."

मला वाटलं नावेविषयी बोलतायत.

ते पुन्हा पाण्यावर गेले नाहीत. नाव दुरुस्त झाली, पण त्यांना घाटापर्यंत चालवेना, म्हणून ती अंगणात आणून पालथी घातली. ज्येष्ठात एका दुपारी, ओट्यावरच्या खुर्चीत, मी आतून पाणी घेऊन येईपर्यंत ते गेले होते. नंतरचे दिवस तुम्ही बघितलेत, तुम्ही आला होतात. धाकटी त्या वेळी अंगणातल्या उलट्या नावेवर बसून राहायची आणि कोणी हाक मारली तरी उठायची नाही. मी तिला रागावले नाही, कारण मलाही तसंच कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं.

दिवाळीच्या सुमारास तुमच्या बाबांनी सुचवलं की नाव पडून खराब होण्यापेक्षा द्यावी कोणाला तरी. बरोबरच होतं. मी नावाड्याला बोलावलं, म्हटलं, भाऊ, एकदा नीट बघून घ्या, घेणाऱ्याला दाखवायची आहे. दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने नाव सरळ करायच्या आधी मी तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि पुढच्या बाजूला एक ठिगळ हाताला लागलं. तळहाताएवढं, चौकोनी, कडेने रिव्हेट. मी विचारलं, हे कशाचं? खडकावर घासली होती का?

नावाड्याने गमछा सोडला, पुन्हा बांधला. मी पुन्हा विचारलं. मग तो खाली बसला आणि सांगायला लागला. आखाजीच्या पहाटे ते गेले तेव्हा नावेत घोट्यापर्यंत पाणी होतं. उपसलं, फळी उचलली, तर पांढऱ्या चिखलासारखा लगदा, आणि त्यात माझा पैसा. त्याच्याखाली पत्रा चाळणीसारखा झाला होता, एका जागी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. नावाडी म्हणाला होता, बोळा कोंबून वर पुट्टी लावू, एवढ्या अंतराला काही होत नाही. आजोबांनी ऐकलं नाही. इतक्या वर्षांनी नावेत बसतेय, तिच्या पायाला पाणी लागलं तर जन्मात पुन्हा बसायची नाही, म्हणाले. आणि पाणी आलं की ती फळी उचलून बघणार.

"मी म्हनं, मास्तर, तो पैसा फेकी दे," नावाडी म्हणाला. "ते म्हनेत, नही. तिना पैसा शे. तिले सांगू नको."

नाव सरळ केली, तेव्हा मी स्वतः आत वाकून पुढची फळी उचलली. पैसा तिथेच होता. घासून स्वच्छ केलेला, आणि त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा, पैशापेक्षा बोटभर मोठा, चिकटवून बसवलेला. मी कापायची तशीच चकती, पण मधे भोक नसलेली. कडा वाकड्यातिकड्या होत्या. ती त्यांनी स्वतः कापली होती.

म्हणजे ते आठ दिवस माझ्या पैशाचं पाप निस्तरण्यात गेले. नाव बिघडली नसती तर त्या दिवशी आम्ही पलीकडे गेलो असतो. त्यानंतरही पाच-सात सकाळी त्यांना पाण्यावर मिळाल्या असत्या. मी हे पुष्कळ वेळा मोजून बघितलं. ते जिवंत असते तर त्यांनी मला सांगितलं असतं, की नाही तरी तेवढेच दिवस होते, ऊन नसतं तर दुसरं काही झालं असतं. कदाचित. पण सांगायला ते नाहीत, आणि मी स्वतःला सांगितलं तर त्याला वजन येत नाही.

"तिना काई दोस नही." आपल्या बोलीत नावेलाही ती आणि बायकोलाही ती.

घेणाऱ्याला मी नाही म्हणून कळवलं. नावाड्याला म्हटलं, तुम्ही वापरा, तुमच्या घाटावर ठेवा. फक्त एका आखाजीला मला न्या.

या वर्षीच्या आखाजीला आजोबांची पहिली घागर होती. घागरीवर ठेवायला डांगर बाजारातून आणलं. वाळूतल्या डांगरांसारखा वास त्याला नव्हता. नैवेद्य दाखवला आणि मी नवं लुगडं नेसले. दोरीवर कपडे होते, मी बघितलं, हलत नव्हते. नावाडी दारात आला. डोक्याला धुतलेला गमछा, पायात चपला नाहीत. नावाडी आजवर माझ्याशी कधी मोठ्याने बोललेला नाही, त्या दिवशी ओट्याखालून जरा मोठ्याने म्हणाला, "आक्का, चाल."

घाटावर त्याने हात दिला. मी बसले. गादी टाकली होती. नाव पाण्यात सरकली तेव्हा मी दोन्ही हातांनी फळी धरली, डोळे मिटले, मग उघडले. ती डुलत नव्हती. सपाट तळाची होती. आजोबांनी कारागिराला का झुकवलं होतं ते मला तिथे बसल्यावर कळलं, अंगाला कळलं. समोरची दुसरी फळी रिकामी होती.

मध्यावर आल्यावर नावाड्याने वल्ही थांबवली. खाली कुठेतरी आमची ती वाळू होती, जिच्यावरून मी माझ्या भावाच्या मागे चालत गेले होते. नावाड्याने माझ्या पायांजवळच्या फळीकडे बघितलं. येतानाचा पैसा देणं बाकी आहे, हे त्याला मीच दिवाळीत सांगितलं होतं.

"पैसा काढू का, आक्का?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे."

त्याने वल्ही मारायला घेतली. घरच्या घाटापासून पलीकडचा काठ यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. काठावर कोणी नव्हतं. भावजय हिवाळ्यातच मुलाकडे सुरतेला राहायला गेली, घराला कुलूप आहे, हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी ती जिथे दुपारपर्यंत उभी होती ती जागा तिने मला फोनवर सांगितली होती, देवळाखालची तिसरी पायरी. मी तिथे जाऊन बसले. सांजोऱ्यांचा डबा उघडला, एक नावाड्याला दिली, एक मी खाल्ली. तिथून आपलं गाव बघितलं. आपल्या गच्चीवर तुमच्या आजोबांनी लावलेली पाण्याची निळी टाकी दिसते.

नाव नावाड्याकडे आहे. तो रोज मासे धरायला नेतो. फळी उचलून पैशाखालची चकती शाबूत आहे का ते दर महिन्याला बघून मला सांगतो.